टर्बो गेला म्हणून ड्रायव्हरचा पगार कापू नका

भरलेला ट्रक चढ चढून आला आणि उभा केला, की इंजिन लगेच बंद करू नये. गाडी न्यूट्रलला टाकावी, हँडब्रेक लावावा, रेसवरचा पाय काढावा आणि तीन ते पाच मिनिटं इंजिन स्लोवर चालू ठेवावं. मग चावी फिरवावी. टर्बोवाल्या गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यात हे लिहिलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत डिझेल इंजिनं आणि टर्बो खोलण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. तरीही टर्बो जळतात, कारण ती तीन मिनिटं ड्रायव्हरच्या हातात ठेवलेलीच नाहीत. गेटवरचा माणूस, काट्यावरचा माणूस, ऑफिसात स्क्रीनवर गाडी बघणारा माणूस, सगळे त्यातून आपापला वाटा काढून घेतात. टर्बो गेला, की पैसे मात्र ड्रायव्हरच्या पगारातून जातात. हे चूक आहे.

आत काय होतं ते आधी सांगतो. ते समजल्याशिवाय पगार कापणाऱ्याला आपली चूक दिसणार नाही.

टर्बो म्हणजे एक शाफ्ट आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतं. दुसरं बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. वाया जाणाऱ्या धुरातली शक्ती पुन्हा कामाला लावायची ही कल्पना अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, तिचं पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतलं. भरलेली गाडी चढाला लागली की टर्बोत शिरणारा धूर ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर जातो, कधी त्याच्याही वर. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेते. एवढ्या वेगात ती बुशांना टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. हे ऑइल इंजिनच्याच पंपातून येतं आणि दोन कामं करतं: शाफ्टला घासू देत नाही आणि तिथली उष्णता ओढून चेंबरमध्ये परत नेतं.

आता अशा गाडीची चावी एकदम फिरवली तर? पंप त्याच क्षणी थांबतो. शाफ्ट मात्र लगेच थांबत नाही, काही क्षण कोरड्याच फिरते. दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. धुराच्या बाजूचं बीडाचं घर तापून निघालेलं असतं. त्यातली उष्णता शाफ्टवाटे मधल्या भागात उतरते आणि तिथे अडकलेलं ऑइल करपतं. करपलेल्या ऑइलचा काळा, कडक थर बुशांभोवती आणि ऑइलच्या वाटेत बसतो. आम्ही त्याला कार्बन म्हणतो. स्लोवर तीन मिनिटं ठेवलं तर धूर थंड होतो, शाफ्टचा वेग उतरतो आणि वाहतं ऑइल ती उष्णता घेऊन जातं. एवढंच त्यामागचं कारण आहे, आणि ते कुणालाही समजावं इतकं सोपं आहे.

एकदा गाडी तापलेली बंद केल्याने टर्बो जात नाही. थर वर थर चढत जातो. ऑइलची वाट अरुंद होते. कार्बनचे कण सुटून बुश खरवडतात, शाफ्टला प्ले येतो, चाकाची पाती घराला घासायला लागतात. गाडीचं पिकअप उतरतं. ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, गाडी वढतच नाही जी." मग निळा धूर सुरू होतो, म्हणजे टर्बो ऑइल मारायला लागला. इथपर्यंत दुरुस्ती खर्चाची असते, जिवाची नसते. पण टर्बोचं ऑइल हवेच्या पाइपातून इंजिनात मोठ्या प्रमाणात गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. चावी फिरवून ते थांबत नाही, डिझेल तोडून थांबत नाही. आणि दुसऱ्या बाजूने गळलेलं ऑइल तापलेल्या घरावर पडलं तर आग लागते. केबिन इंजिनच्या वरच असते आणि ड्रायव्हर, क्लीनर तिथेच झोपतात. मला या तीन मिनिटांची एवढी काळजी का वाटते, ते यावरून कळेल.

हा बिघाड महिनोन्महिने आत साठत असतो, आणि मालक नेमकं हेच विसरतात. कोळशाच्या धंद्यात ड्रायव्हर एका गाडीवर फार दिवस टिकत नाही. पोळ्याला घरी गेलेला माणूस परत दुसऱ्याच मालकाकडे लागतो. टर्बो ज्याच्या हातात असताना बसला, त्याने तो जाळला असेल असं मुळीच नाही. त्याच्या आधीच्या तिघा-चौघांच्या काळातला थर त्यात असतो. भरपाई मात्र शेवटचा माणूस भरतो.

आणि प्रत्येक टर्बो तापलेली गाडी बंद केल्यानेच जातो, असंही नाही. टर्बो खोलला की तो कशाने गेला ते बऱ्याच वेळा समोर दिसतं. मधल्या भागात करपलेलं ऑइल आणि धुराच्या बाजूला शाफ्ट निळी पडलेली असेल, तर उष्णतेने आणि ऑइल न मिळाल्याने गेला. पण हवेच्या चाकाची पाती धारेवर झिजून पातळ झाली असतील, तर धूळ आत गेली आहे. वणीत हे खूप दिसतं. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली अशा खाणींच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये काय साठतं, ते लालपुलियाच्या डेपोंजवळून एकदा स्कूटरवर जाऊन आलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही. फिल्टर वेळेवर बदलणं मालकाच्या खर्चात येतं. बुशांवर नुसते ओरखडे असतील, तर ऑइल घाण होतं, म्हणजे ते वेळेवर बदललं नाही किंवा स्वस्तातलं भरलं. तेही मालकाचंच काम. पात्याला खड्डा किंवा टोक तुटलेलं असेल, तर आत काहीतरी कडक गेलं. बहुतेकदा आधीच्या दुरुस्तीत पाइपात राहिलेला नट किंवा वॉशर, म्हणजे आम्हा मिस्त्री लोकांपैकीच कुणाचं तरी काम. करपलेलं ऑइलसुद्धा एकट्या ड्रायव्हरचं नाव सांगत नाही. ऑइलचा पाइप आधीच चोंदलेला असला तर स्लोवर कितीही उभी ठेवा, टर्बोला ऑइल पुरेसं मिळतच नाही. म्हणून टर्बो न खोलता "ड्रायव्हरने जाळला" म्हणणं म्हणजे तपासणीआधीच निकाल देणं आहे.

आता ती तीन मिनिटं जातात कुठे ते बघा.

पहिली जागा काटा. खाणीच्या पोटातून भरलेला टिप्पर रॅम्प चढून वर येतो, पुरा लोडवर, खालच्या गिअरमध्ये. या चढानंतर इंजिन सगळ्यात जास्त तापलेलं असतं आणि नेमका पुढेच काटा असतो. मागे गाड्यांची रांग. काट्यावर चढला की आवाज येतो, "बंद कर बे गाडी, उतर खाली." खाण कोणती आणि काटा कोणाचा, ते मी लिहीत नाही, कारण एकच काटा असा असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. वजन घेताना गाडी हलू नये, ड्रायव्हर खाली असावा, हे मला मान्य आहे. पण काट्याच्या अलीकडे जिथे रांग थांबते, तिथे गाडी चालू ठेवायला कुणाची हरकत नसावी. तिथेही पहारेकरी दांडक्याने दरवाजा वाजवून गाडी बंद करायला लावतो, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही.

दुसरी जागा जिनिंग. दिवाळीनंतर वणी, पांढरकवडा, यवतमाळ, राळेगाव इथल्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात. इथे मी गेटवाल्याच्या बाजूने आहे. आवारात सगळीकडे कापूस पडलेला, हवेत तंतू, आणि खाली तापलेला सायलेन्सर. एक ठिणगी पुरते. आत इंजिन बंदच असलं पाहिजे, त्यात वाद नाही. पेट्रोलपंपावरही तसंच, डिझेल भरताना गाडी बंद म्हणजे बंद. पण म्हणूनच गाडी थंड करायची जागा गेटच्या बाहेर हवी. बाहेर रस्त्यालगत दोन-तीन गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी पट्टी, कापसापासून लांब, आणि एक पाटी: गाडी इथे तीन मिनिटं स्लोवर ठेवा, मग आत या. शिवाय अशी तीन मिनिटं थांबून आलेल्या गाडीचा सायलेन्सरही थोडा थंड झालेला असतो, म्हणजे जिनिंगवाल्याचा फायदा टर्बोवाल्याइतकाच आहे. पट्टी आखायला चुना लागेल, आणि राजूरच्या चुनाभट्ट्या वणीपासून जवळच आहेत.

तिसरी जागा सगळ्यात नवी आहे आणि मला सगळ्यात जास्त तिचाच राग येतो. गाडीत जीपीएस बसलं. गाडी उभी आणि इंजिन चालू असं झालं, की ऑफिसला मेसेज जातो. महिन्याअखेर त्या मेसेजांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज मोठी त्याची हजेरी घेतली जाते. ढाब्यावर तासभर गाडी चालू ठेवून झोपणाऱ्याला पकडायला हे बरोबर आहे, ते डिझेल वाया जातंच. पण काही ठिकाणी मिनिटभर झालं की मेसेज लागतो. मग ड्रायव्हर काय करणार? राष्ट्रीय महामार्ग ४४ वर करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत, भरलेली गाडी पळवत तो येतो, ढाब्यावर वळतो आणि थांबताक्षणी चावी फिरवतो. तो मेसेजपासून पळ काढतो आणि टर्बो जळतो. हे मशीन पाच मिनिटांवर लावता येतं. त्यासाठी सेटिंग बदलायचं असतं, पैसे द्यायचे नसतात.

डिझेल वाया जातं म्हणतात, तर हिशेब करू. मोठं इंजिन स्लोवर तासाला साधारण दोन लिटर खातं असं धरा. तीन मिनिटांना १०० मिलिलिटर. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर नऊ रुपये. प्रत्येक थांब्यावर याची गरजही नाही. गावातून हळू येऊन थांबलेली गाडी वाटेतच थंड झालेली असते. खंडाळा घाट चढून वर चहाला थांबलात तर तीन मिनिटं द्यायलाच हवीत. तोच घाट उतरून खाली थांबलात तर टर्बो थंड असतो, तिथे ब्रेक तापलेले असतात आणि काळजी त्यांची घ्यायची असते. दिवसातून तीनदा म्हटलं तरी सत्तावीस रुपये. मोठ्या गाडीचा नवा टर्बो पाच आकडी रकमेत जातो, ड्रायव्हरचा एक-दोन महिन्यांचा पगार त्यात निघून जातो, आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांच्या खेपा गेल्या त्या वेगळ्या.

उलट दहा-पंधरा मिनिटं, अर्धा तास गाडी स्लोवर ठेवणंही वाईट. इंजिन गरजेपेक्षा थंड पडतं, डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. शिवाय गावाच्या वस्तीत उभ्या गाडीचा धूर लोकांच्या घरात जातो. लाल सिग्नलला इंजिन बंद करा असं सरकार सांगतं, ते लहान गाड्यांना ठीक आहे. ट्रकलाही ठीक आहे, जर तो शहरातून हळू आला असेल. नियम एकच: नुकतं किती ओढलं, त्यावर किती थांबायचं ते ठरवा, आणि पाच मिनिटांच्या वर जाऊ नका.

जुन्या माणसांना हे सगळं नवं वाटतं, त्यालाही कारण आहे. माझ्या तरुणपणी या भागात धावणाऱ्या बहुतेक ट्रकांना टर्बो नव्हता. स्टॉपचा खटका ओढला की इंजिन बंद, आणि काही बिघडायचं नाही. उस्तादाने क्लीनरला शिकवलं, क्लीनर ड्रायव्हर झाला, त्याने पुढच्याला शिकवलं. ती सवय हातात बसलेली. मग धुराचे नियम कडक होत गेले, टर्बोशिवाय ट्रक बनेनासे झाले. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आलं, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. गाडी बदलली, शिकवणारा तोच राहिला. नव्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या कुणी नीट समजावून देत नाही. सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःला साफ करत असताना आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता असते. तेव्हा डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो आणि मधेच गाडी बंद करू नये. आणि चावी बंद केल्या-केल्या बॅटरीचा कटआउट ओढू नये, कारण धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप पाइपातला उरलेला युरिया मागे ओढत असतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. लगेच कटआउट ओढला तर युरिया पाइपात आणि नोझलमध्ये सुकून बसतो. गाडी विकताना शोरूमवाला ही माहिती मालकाला देतो. मालक गाडी चालवत नाही.

यंत्राला थंड व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ कामाचा भाग असतो, हे आपल्या जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. यवतमाळ–मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे १५ एप्रिल १९९४ पर्यंत वाफेवर चालली, १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेल्या इंजिनावर. वाफेचं इंजिन फेरी संपली की तसंच सोडून देत नाहीत. आग काढायची, राख झाडायची, बॉयलर हळूहळू थंड होऊ द्यायचा. एकदम थंड केला तर नळ्यांचे सांधे फाटतात. या कामाला माणसं असायची, वेळ ठरलेला असायचा, आणि त्या वेळाचा पगार मिळायचा. तेव्हा शकुंतलेने जाणारा कापूस आता ट्रकने जातो, आणि ट्रकच्या ड्रायव्हरला तीन मिनिटांसाठी शिव्या खाव्या लागतात.

मे महिन्यात वणीत पारा पंचेचाळीसकडे जातो. खाली इंजिन, वर पत्रा, अशा केबिनमध्ये तीन मिनिटं बसून राहायला सांगणं हेही सोपं मागणं नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याच्या आधीच्या आहेत. कुणी म्हणेल, टर्बो टायमर बसवा, चावी काढली तरी इंजिन तीन मिनिटं चालून आपोआप बंद होईल. ट्रकला मी ते बसवून देत नाही. उतारावर उभ्या असलेल्या, भरलेल्या, चालू गाडीत ड्रायव्हरच नसणं मला पटत नाही, आणि कोळशाच्या ढिगाजवळ किंवा कापसाजवळ तर नाहीच. ड्रायव्हर गाडीत हवा. मग त्या वेळात त्याला कुणी खाली ओढू नये, एवढं तरी करा.

कायद्याचंही बघा. १९३६ चा वेतन प्रदान कायदा असो की २०१९ ची वेतन संहिता, ताब्यात दिलेल्या वस्तूच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान थेट कामगाराच्या निष्काळजीपणाने झालेलं असावं लागतं. रक्कम नुकसानीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आमच्या इथे ड्रायव्हरला संधी कसली मिळते? महिन्याच्या शेवटी हातात कमी नोटा येतात आणि विचारलं तर म्हणतात, "टर्बोचे कापले." बहुतेक जण पुढे बोलत नाहीत, कारण उद्या गाडी दुसऱ्याला देतील.

मालकांना माझं सांगणं आहे: टर्बो गेला तर ड्रायव्हरला सोबत घेऊन या. माझ्याकडे या किंवा ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्या मिस्त्रीकडे जा, पण तो दोघांसमोर खोलायला लावा. शाफ्ट बघा, बुश बघा, हवेच्या चाकाची पाती बोटाने तपासा, एअर फिल्टर काढून आपटून बघा, ऑइल शेवटचं कधी बदललं त्याची पावती काढा. गाडीवर आधी कोण होतं ते आठवा. जीपीएस किती मिनिटांवर लावलं आहे ते ऑफिसात विचारा. एवढं बघून झाल्यावरही दोष ड्रायव्हरचाच आहे असं वाटलं, तर त्याला बोलू द्या, आणि तो बोलेपर्यंत पगाराला हात लावू नका.